सेवेची पाळी

(महाजन कुटुंबांतील विद्यार्थ्यांच्या गुणगौरव समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या सभामंडपात आज परीक्षांमध्ये उत्तम गुण मिळविलेल्या मुलामुलींचा गौरव झाला. त्यांचे कौतुक अध्यक्षांनी यथोचित शब्दांत केलेच आहे. त्याची पुनरुक्ती करण्याऐवजी आपल्याच महाजन परिवारातील एका विद्यार्थ्याची हकीकत आज आपणांसमोर ठेवण्याचे योजिले आहे. या विद्यार्थ्याला पदक मिळालेले नाही, आणि त्याचे गुणही बेताचेच. आपले नाव कोठेही येऊ नये अशी त्याची अट आहे व ती येथे पाळली आहे. हकीकत सांगण्याचे कारण एवढेच की, तिच्या अखेरीस एक प्रश्न उभा राहतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाने एकट्याने द्यावयाचे नसून ते आपणां सर्वांकडे मागितलेले आहे.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे २४ सप्टेंबर १९६९ रोजी, त्या वेळचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ केला. पहिल्या वर्षी सुमारे ४०,००० विद्यार्थी तीत होते. योजनेच्या नियमानुसार स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते व एका सात दिवसांच्या शिबिरात भाग घ्यावयाचा असतो. योजनेचे बोधचिन्ह आहे कोणार्कच्या सूर्यमंदिराचे रथचक्र. तेराव्या शतकातील त्या मंदिरात आज पूजाअर्चा चालत नाही. परंतु त्याच्या दगडी चाकाचे चित्र छातीवर लावून देशभरातील मुले गावोगाव कामाला जातात.

आपल्या या विद्यार्थ्याने वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी योजनेत नाव घातले, ते काही सेवाभावाने भारावून नव्हे. प्रमाणपत्र मिळते, पुढे उपयोगी पडते, असे वर्गातील मुलांनी सांगितले म्हणून घातले. रस्ते झाडणे, रक्तदान शिबिरात खुर्च्या मांडणे अशी कामे वाटली जात असता, जवळच्या एका विशेष शाळेत मुलांना बागकाम शिकविण्यास कोणी जाईल का, अशी पृच्छा झाली. कोणीच हात वर करीना. त्याच्या घरी कुळागर आहे. लहानपणापासून आजोबांबरोबर माडांना आळी करणे, सुपारीच्या रोपांना पाट काढून देणे हे त्याने पाहिलेले. आपल्याला हे काम सोपे जाईल या हिशेबाने त्याने होकार दिला. दर शनिवारी सकाळी तीन तास असे ठरले.

त्या शाळेत तेवीस मुले होती. बहुसंख्य बौद्धिक दिव्यांगता असलेली, काही कर्णबधिर, आणि एक पंधरा वर्षांचा पूर्ण अंध मुलगा. एकेकाळी अशा मुलांविषयी समाजात जे शब्द वापरले जात ते आज उच्चारवत नाहीत. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने ते एकवीस केले, आणि लक्षणीय दिव्यांगता असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. यांतील अठरा हा आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे शेवटी परत यावयाचे आहे.

शेती आणि विशेष शिक्षण यांची सांगड नवी नव्हे. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने गुजरातेत वलसाड जिल्ह्यातील फणसा येथे, टाटांचे नाव धारण करणारे अंधांसाठीचे शेती व ग्रामीण प्रशिक्षण केंद्र काढले. तेथे दृष्टिहीन माणसे शेती, गुरे आणि कोंबडीपालन शिकली. वरोड्याजवळच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी १९५१ साली मूठभर कुष्ठरोग्यांना बरोबर घेऊन पडीक जमीन फोडली. पुढे तेथेच अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या. शेतीचे महाविद्यालयही निघाले. दानाने माणूस दुबळा होतो व कामाने उभा राहतो, हा तेथील विचार. आनंदवनाचाच विस्तार असलेल्या सोमनाथच्या माळावर दरवर्षी मे महिन्याच्या उन्हात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या कुदळ-फावडे चालवून आल्या आहेत.

यांपैकी काहीही त्या वेळी आपल्या विद्यार्थ्याला ठाऊक नव्हते. जून महिन्यात पहिल्या शनिवारी तो गेला आणि मुलांपुढे उभा राहून त्याने रोप लावण्याची सर्व कृती एका दमात सांगितली. पिशवी उघडा, माती भरा, बोटाने भोक पाडा, रोप ठेवा, पुन्हा माती घाला, दाबा, पाणी द्या. मुले त्याच्याकडे पाहून हसत राहिली. एका मुलीने पिशवी डोक्यावर घातली. दुसऱ्या शनिवारी त्याने मुलांचे हात धरून काम करून घेतले. तिसऱ्या शनिवारी त्याने स्वतःच चाळीस पिशव्या भरल्या, मुलांना रांगेत बसवून दाखविल्या, आणि काम झाले असे समजून समाधानाने घरी गेला.

शाळेच्या बाईंनी तीन आठवडे काही म्हटले नाही. चौथ्या शनिवारी त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले, "तुझ्या पिशव्या छान भरल्या आहेत. पण आमच्या मुलांना काय आले?" मग त्यांनी त्याला दोन गोष्टी शिकविल्या. पहिली ही की, जे काम आपल्याला एक वाटते ते या मुलांसाठी सात कामांचे असते, आणि एका वेळी त्यांतील एकच शिकवावे. दुसरी त्याहून विलक्षण होती. शिकविण्याची सुरुवात शेवटच्या पायरीपासून करावी. पहिल्या सहा पायऱ्या शिक्षकाने कराव्या आणि सातवी, म्हणजे पाणी घालण्याची, मुलाने करावी. त्यामुळे काम पूर्ण होण्याचा क्षण पहिल्याच दिवशी मुलाच्या हातून घडतो. ती पायरी पक्की झाली की सहावी व सातवी त्याच्याकडे द्यावी, मग पाचवी. असे मागे मागे येत गेले म्हणजे एके दिवशी मूल रिकामी पिशवी स्वतः उघडते.

पिशवी डोक्यावर घालणाऱ्या मुलीला सातही पायऱ्या यावयास नऊ शनिवार लागले. परंतु नवव्या शनिवारी ती कोणाच्याही मदतीवाचून रोप लावून मोकळी झाली, आणि त्यानंतर ती कृती विसरली नाही.

अंध मुलाची गोष्ट निराळी होती. त्याला समजावून सांगण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला जागा सापडावी एवढेच हवे होते. दोन खुंट्यांना सुंभाची दोरी ताणून तिला वीतभर अंतरावर गाठी मारल्या की तो गाठ चाचपून तेथे रोप लावी. वाफ्याच्या कडेने चिऱ्यांचे तुकडे बसविले की त्याच्या पावलाला वाफा कोठे संपतो ते कळे. माती ओली की कोरडी हे तो तर्जनी दोन पेरांपर्यंत खुपसून सांगे, आणि डोळस विद्यार्थी वरचा रंग पाहून जे सांगे त्यापेक्षा ते अधिक बिनचूक असे. तुळशीचे रोप आणि तण यांतील फरक त्याला पान चुरगळल्यावाचून, केवळ बोट फिरवून वासाने कळू लागला.

त्या पावसाळ्यात मुलांनी तुळशीची साठ रोपे तयार केली. तुळशीचे बी अतिशय बारीक. ते राखेत मिसळून पेरावे लागते, म्हणजे एके ठिकाणी दाटत नाही. हे विद्यार्थ्याला त्याच्या आजोबांनी सांगितले होते. बेत असा होता की तुळशीच्या लग्नापूर्वी प्रत्येक मुलाने आपण लावलेले एक रोप घरी न्यावे व उरलेली विकून शाळेला हत्यारे घ्यावीत. मुलांना तसे सांगण्यातही आले. तेवीस घरांत आई-बापांना ही वार्ता पोहोचली. आजवर ज्या मुलाने घरात काही आणले नव्हते ते मूल यंदा वृंदावनात लावावयाची तुळस आणणार, या गोष्टीचे मोल त्या घरांतील माणसेच जाणोत.

ऑक्टोबर उजाडला. पाऊस थांबला, उन्हे कडक झाली. त्याच सुमारास महाविद्यालयाची परीक्षा आली. विद्यार्थी तीन शनिवार गेला नाही. आपण येणार नाही असे त्याने कोणालाही कळविले नाही. एवढ्याने काय होते, असे त्याला वाटले असावे. परंतु पाणी घालण्याचे काम लवकर उरकावे म्हणून तो ते शेवटी शेवटी स्वतःच करू लागला होता. नळ आवाराच्या पलीकडे, विहिरीजवळ होता आणि मुलांना तेथे एकटे जाण्यास मनाई होती. बाईंच्याकडे तेवीस मुलांचा व्याप. दादा येतो आणि पाहतो, अशीच त्यांची समजूत होती.

परीक्षा संपवून तो गेला तेव्हा साठांपैकी अकरा रोपे जिवंत होती. अंध मुलगा फाटकापाशी उभा होता. तिन्ही शनिवार तो तेथे असाच उभा राहिला होता असे शिपायाने सांगितले. तो मुलगा रागावला नाही. तो एवढेच म्हणाला, "दादा, माती कोरडी झाली हे मला पहिल्याच शनिवारी कळले होते. पण सांगायचे कोणाला?"

त्या संध्याकाळी विद्यार्थी घरी गेला तो जेवला नाही. आजोबांनी कारण विचारले, त्याने सांगितले. आता, या आजोबांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. त्यांच्या घराण्याकडे श्रींच्या नंदादीपाची वर्षातून एक पाळी असते. देवस्थानाच्या पाळ्या म्हणजे काय हे या सभामंडपात बसलेल्यांना सांगावयास नको. घरात लग्न असो की सुतक असो, पाळी कोणाची आहे हे ठरलेले असते. ज्याला शक्य नाही त्याने दुसरा माणूस लावून द्यावयाचा आणि तसे आधी कळवावयाचे. वर्षे लोटली, राज्ये बदलली, घरातील माणसे मुंबईला आणि परदेशी गेली, पण पाळीच्या दिवशी समईत तेल नाही असे कधी घडले नाही. आजोबांपाशी त्या पाळ्यांची एक जुनी वही आहे. तीत कोणत्या वर्षी कोण गेला, कोणाच्या जागी कोण गेला, हे सारे लिहिलेले आहे.

आजोबांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "देवाची पाळी चुकली तर काय करतो आपण?"

"प्रायश्चित्त घेतो," मुलगा म्हणाला.

"का चुकत नाही कधी?"

याचे उत्तर त्याला चटकन देता आले नाही. आजोबांनीच ते दिले. ते म्हणाले, "आपण फार भाविक आहोत म्हणून चुकत नाही असे समजू नकोस. वहीत नाव लिहिलेले असते म्हणून चुकत नाही. तू एकट्याच्या उमेदीवर काम चालविलेस. उमेद माणसाला परीक्षेच्या दिवशी सोडून जाते. वही सोडून जात नाही."

दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, मुलगा शाळेच्या बाईंच्या घरी गेला आणि त्याने झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. बाईंनी त्याला रोपांविषयी बोल लावला नाही. त्या म्हणाल्या, "रोपे पुन्हा होतील. ही मुले मात्र माणसे येऊन नाहीशी होण्याला सरावलेली आहेत. पुन्हा येणार असशील तर ये, पण जायचे असेल तेव्हा मुलांना स्वतः सांगून जा."

त्यानंतर त्याने एक वही केली, आजोबांच्या वहीसारखीच आडव्या रेघांची. महाविद्यालयातील चार मित्र आणि दोन मैत्रिणी मिळविल्या. शनिवारांच्या पाळ्या लावल्या. नियम तीनच ठेवले. पाळी असलेल्याने यावे. येता येत नसेल तर बदली माणूस द्यावा. आणि येणार नसल्याचे मुलांना आधी, स्वतः सांगावे. पाणी घालण्याचे काम त्यांनी मुलांकडे परत दिले. विहिरीपासून दूर, वाफ्यांजवळ एक टाकी ठेवून ती शिपायाने रोज सकाळी भरावी असे ठरले, आणि माती तपासून पाणी हवे की नको हे सांगण्याचे काम अंध मुलाकडे आले.

उरलेल्या अकरा रोपांचे शेंडे खुडून त्यांच्या काड्या मुलांनी पाण्यात ठेवल्या. तुळशीच्या काडीला काही दिवसांत मुळे फुटतात. कार्तिक द्वादशीपर्यंत तेवीस रोपांचा हिशेब जमला. ती अगदी लहान होती. वृंदावनात लावल्यावर उसाच्या आणि दिंड्याच्या काठीपुढे दिसतही नव्हती. पण तेवीस घरांत ती लागली. विक्रीसाठी मात्र एकही उरले नाही, आणि हत्यारे त्या वर्षी घेता आली नाहीत. हेही सांगितले पाहिजे, कारण चुकीची भरपाई संपूर्ण झाली असे मानणे खरे होणार नाही.

दुसऱ्या वर्षी शाळेच्या आवारात अबोली लावली गेली. मोठी मुले फाती गुंफावयास शिकली. ही गोष्ट देवस्थान समितीच्या कानी गेल्यावर शाळेला काही रक्कम देणगी म्हणून द्यावी असा विचार निघाला. हेतू चांगलाच होता. परंतु बाईंनी विनंती केली की, देणगीऐवजी देवस्थानाने शुक्रवारची फुले शाळेकडून विकत घ्यावीत आणि बाजारात जो दर असेल तोच द्यावा, कमीही नको आणि जास्तही नको. समितीने ते मान्य केले. पहिल्या शुक्रवारी आलेल्या फातींतील काही सैल होत्या, हाताळताना सुटू लागल्या. पुजाऱ्यांनी त्या परत पाठविल्या. या गोष्टीने काही महाजनांना वाईट वाटले. बिचाऱ्या मुलांची फुले परत करावयास नको होती, असे ते म्हणाले. बाईंना मात्र आनंद झाला. इतर फुलवाल्याच्या सैल फाती परत जातात, तशाच आमच्याही गेल्या, असे त्यांनी पुजाऱ्यांना निरोपात कळविले. मुलांनी त्या उसवून पुन्हा गुंफल्या. पुढच्या शुक्रवारी एकही परत आली नाही.

विद्यार्थ्याचे २४० तास दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस भरले. प्रमाणपत्र मिळाले. आज तो एका कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करतो. त्याने घातलेली वही त्याच्या महाविद्यालयातील पुढच्या मुलांकडे गेली आणि त्यांच्याकडून त्यांच्या मागून येणाऱ्यांकडे. वर्षातून काही शनिवार त्याचेही नाव तीत असते, पण तो नसला म्हणून काम अडत नाही. त्याने केलेल्या सेवेचे खरे मोजमाप हेच म्हणावे लागेल.

आता त्या अठराच्या आकड्याकडे यावयाचे. तो अंध मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि शाळेतून बाहेर पडला. माती तपासणे, रोप लावणे, तण काढणे, कलम बांधणाऱ्याच्या हाताखाली काम करणे, हे सारे त्याला येते. पण हे येऊन त्याने जावयाचे कोठे? आज तो घरी बसून असतो. पिशवी डोक्यावर घालणारी ती मुलगीही पुढील वर्षी अठरा पुरी करील. नऊ शनिवार खर्चून मिळविलेली विद्या घराच्या ओसरीवर कोमेजून जावी, ऑक्टोबरच्या उन्हातील त्या रोपांसारखी, हे घडू द्यावयाचे की नाही, हा तो प्रश्न आहे.

आपल्या देवस्थानाच्या मालकीचे भाट आहे. त्यातील विहिरीपासून ओढ्यापर्यंतचा तुकडा गेली कित्येक वर्षे पडीक आहे. तेथे रान माजले आहे हे सर्वांना ठाऊक आहे. आपले पूर्वज गांवकरीच्या काळात खाजनांचे बांध सर्वांच्या श्रमाने राखत आणि मानशीची दारे भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून उघडत, म्हणून खाऱ्या पाण्याकाठी भात पिकले. जमीन एकट्याच्या उत्साहावर चालत नाही, तिला पाळी लागते, हे आपल्या रक्तातच आहे. त्या पडीक तुकड्यात शाळा सोडलेल्या पाच-सहा मुलांनी तुळस, अबोली, जायो आणि तांबडी भाजी करावी. श्रींना लागणारी फुले देवस्थानाने दर देऊन घ्यावीत. उरलेला माल बाजारात जावा. आणि कामाचा मोबदला मुलांच्या हाती पडावा. यात देवस्थानाचे नुकसान काही नाही. देखरेखीला मात्र माणसे लागतील, आणि ती एक वर्षापुरती लागून भागणार नाही.

ही सूचना समितीपुढे रीतसर लेखी ठेवण्यात आलेली आहे. तिच्यावर निर्णय महाजनांच्या सभेत व्हावयाचा आहे आणि तो नियमानुसार होईल. त्यात कायद्याच्या अडचणी असतील, हिशेबाच्या असतील. त्या वडीलधारी मंडळी पाहतील.

आज गौरव झालेल्या विद्यार्थी मित्रांना मात्र सभेच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. अग्रशाळेच्या दाराशी मेजावर एक कोरी वही ठेवलेली आहे. आडव्या रेघांची. तिच्या पहिल्या पानावर पुढील बावन्न शनिवारांच्या तारखा घातल्या आहेत आणि समोरची जागा मोकळी आहे. नाव घालण्यापूर्वी घरी जाऊन विचार करावा, परीक्षेच्या तारखा पाहाव्यात, आई-वडिलांना सांगावे. घाईने लिहिलेले नाव फाटकापाशी उभ्या असलेल्या मुलाच्या उपयोगी पडत नाही. विचार करून लिहिलेले एकच नाव, एकाच शनिवारचे, पुरेसे आहे.

श्रींची पाळी ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या चुकविली नाही, त्या घरांतील मुले हीही चुकविणार नाहीत, असा भरवसा व्यक्त करून आणि श्रीचरणी नम्र वंदन करून हे भाषण येथे पुरे होत आहे.